मुंबईत घडलेली चित्रं मुंबईत कायमची कुठे बघायला मिळतात?

पाचपाखाडीकर:

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय, आधी कुणी काढला असेल तर तिकडे हाकला मला.

मार्च २०२५मध्ये हुसेनचं 'ग्रामयात्रा' न्यूयॉर्कला लिलावात गेलं, जवळपास ११८ कोटी रुपयांना. १९५४चं चित्र, चौदाएक फूट लांब, खेड्यातल्या आयुष्याचे तेरा तुकडे एकाला एक लावून ठेवलेले. आणि इतकी वर्षं हे होतं कुठे तर नॉर्वेत, ऑस्लोच्या एका हॉस्पिटलात! एका डॉक्टरने त्या काळात विकत घेतलं, नेलं आणि नंतर हॉस्पिटलला देऊन टाकलं. म्हणजे मुंबईत सिनेमाची होर्डिंगं रंगवून पोट भरणाऱ्या माणसाचं चित्र पेशंटचे नातेवाईक बघत होते आणि आपण इथे ठाण्यात बसून बातमीतला चिमुकला फोटो झूम करून बघतोय.

तर प्रश्न असा की हुसेन, रझा, आरा, गायतोंडे, बाकरे हे सगळे या शहरात धडपडले, इथेच नावारूपाला आले. मग मी उद्या ठाण्याहून फास्ट पकडून सीएसएमटीला उतरलो तर यांची चित्रं कायमची भिंतीवर लागलेली नक्की कुठे दिसतात? जहांगीर आर्ट गॅलरीला गेलं तर दर आठवड्याला नवं प्रदर्शन, मागच्या वेळी आवडलेलं चित्र पुन्हा बघायला जावं तर ते कधीच खाली उतरवलेलं असतं. एनजीएमएला (नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट) जावं तर कधी अख्ख्या इमारतीत एकाच माणसाचं प्रदर्शन आणि कधी 'मांडणी चालू आहे' म्हणून दार बंद. अमृता शेरगिल बघायची तर दिल्ली. मला एखादं चित्र वर्षानुवर्षं जाऊन जाऊन बघायचंय, वय वाढेल तसं ते वेगळं दिसतं का हे बघायचंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

तिरकस:

११८ कोटी असते तर मी आधी घोडबंदर रोडवरचे सगळे खड्डे बुजवले असते. बाकी चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

जुना फोर्टवाला:

चांगला विषय. पाचपाखाडीकर, तुमचा घोळ होतोय तो बहुतेकांचा होतो कारण त्या एका चौकात जहांगीर नावाच्या इतक्या गोष्टी आहेत की माझी नोकरीतली अख्खी हयात फोर्टात गेली तरी सुरुवातीला मीही गोंधळायचो. आधी ते सोडवू.

युनिव्हर्सिटीचा जो दीक्षान्त सभागृह आहे ना, राजाबाई टॉवरशेजारी, तो सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांच्या पैशातला, १८७४चा. रीगलसमोरचा गोल सर कावसजी जहांगीर हॉल त्याच घराण्याच्या देणगीतून, १९११चा, जॉर्ज विटेटने बांधलेला. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम (आताचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय) बांधणारा तोच विटेट. आज जी एनजीएमए आहे ती या हॉलमध्ये. आणि म्युझियमच्या आवारातल्या जागेवर उभी आहे ती जहांगीर आर्ट गॅलरी, ती बरीच नंतरची, २१ जानेवारी १९५२ला बाळासाहेब खेरांच्या हस्ते उघडली. पैसे दिले सर कावसजी जहांगीर यांनी, म्हणजे रेडीमनींच्या पुढच्या पिढ्यांतले दुसरे बॅरोनेट, आपल्या गेलेल्या मुलाच्या, जहांगीरच्या आठवणीसाठी. त्यांच्या मागे लागणाऱ्यांत दोन नावं महत्त्वाची, चित्रकार हेब्बर आणि आपले अणुशास्त्रज्ञ होमी भाभा. इमारत दुर्गा बाजपेयींची. दारावरचा तो काँक्रीटचा लाटांसारखा पुढे आलेला सज्जा आठवतो का, खाली खांब नाही काही नाही, ७०-७५ वर्षांपूर्वी लोकांना तो बघूनच धडकी भरली असेल.

आता मुद्दा. जहांगीर आर्ट गॅलरी ही पहिल्या दिवसापासून चित्रकारांनी भाड्याने घ्यायची जागा आहे. संग्रह करायचा, जपायचा, कायम लावून ठेवायचा हे तिचं कामच नव्हे. त्यामुळे तिच्याकडून ती अपेक्षा ठेवू नका. तुमचा खरा प्रश्न एनजीएमएला विचारायला हवा.

नेरूळची मावशी:

वा फोर्टवाले, मस्त उलगडून सांगितलंत. अजून एक जहांगीर राहिला पण तो कुणीतरी लिहीलच.

मी कॉलेजात असताना जहांगीर म्हणजे आमच्यासाठी सामोवार. चित्रं नंतर. आत शिरलं की उजव्या डाव्या हॉलमधून एक चक्कर टाकल्यासारखं करायचं आणि मग थेट कॅफे. लोकलच्या डब्यासारखं लांबट अरुंद, एका बाजूने म्युझियमची बाग. उषा खन्नांनी १९६४ला सुरू केलेलं ते, २०१५च्या मार्चमध्ये बंद झालं तेव्हा अख्खी मुंबई हळहळली, आणि हळहळणाऱ्यांतल्या निम्म्यांनी तरी तिथे वर्षानुवर्षं पाऊल टाकलं नसेल, माझ्यासकट. एक चहा घेऊन दोन तास बसलं तरी कुणी उठवायचं नाही. शेजारच्या टेबलवर कोण बसलंय ते आम्हाला कळायचंच नाही, नंतर पेपरात फोटो बघून अरे हे तर ते दाढीवाले असं व्हायचं.

हार्बरवाल्यांसाठी टीप: रविवारी जायचं असेल तर आधी मेगाब्लॉक बघा नाहीतर वाशीलाच प्रदर्शन होईल तुमचं. आणि एनजीएमए सोमवारी बंद असते.

पाचपाखाडीकर:

फोर्टवाले काका, धन्यवाद, हे भाड्याच्या जागेचं खरंच लक्षात घेतलं नव्हतं, म्हणजे माहीत होतं पण त्याचा अर्थ असा लावला नव्हता. पण मग हे अजूनच विचित्र नाही का? शहरातलं सगळ्यात नावाजलेलं कलादालन, रिक्षावाल्यालाही माहीत, आणि त्याच्याकडे दाखवायला स्वतःचं असं कायमचं काही नाही.

रेघोट्या:

ऐरोलीहून हात वर करतोय, या धंद्यातला आहे (शाळेत चित्रकला शिकवतो, स्वतःचं काम रात्री). पाचपाखाडीकर तुम्ही ज्याला विचित्र म्हणताय ना त्याच्याच जीवावर आमच्यासारखे जगतात हो. जहांगीरकडे संग्रह असता तर भिंती अडकल्या असत्या. भिंत रिकामी आहे म्हणून आमचा नंबर लागतो. तोही कसा तर अर्ज करायचा, कामं दाखवायची आणि मग काही वर्षं विसरून जायचं. लोक लग्न ठरवताना हॉलची तारीख बघतात, आमच्यात काही जण जहांगीरची तारीख बघून लग्न ठरवतात.

आम्ही काही मित्रांनी मिळून ग्रुप शो केला होता. मंगळवार ते सोमवार असा आठवडा असतो. टेम्पोतून फ्रेमा आल्या, मुलुंड टोलनाक्यापर्यंत मी एका मोठ्या कॅनव्हासला मिठी मारून मागे बसलेलो. मग तारा, हूक, लेव्हल, एक चित्र दोन बोटं वर गेलं की अख्खी भिंत वाकडी दिसते. लाइट कुठल्या कोनात मारायचा यावरून तर आमच्या मैत्रीत फूट पडायची वेळ आली. काचेच्या फ्रेमवर समोरच्या भिंतीचं प्रतिबिंब पडलं की चित्रात चित्र दिसतं, ते टाळायला शेवटी जलरंग सगळे आतल्या भिंतीला नेले.

आणि मग लोक येतात. तिथे तिकीट नाही ना, त्यामुळे कुणीही येतं. ऊन लागलं म्हणून आत आलेला कुरिअरवाला, कोर्टाची तारीख उरकून आलेलं जोडपं, शाळेची सहल, म्युझियमला आलेले गावाकडचे आजोबा. एक गृहस्थ माझ्या एका चित्रासमोर बराच वेळ उभे, मला वाटलं गिऱ्हाईक, जवळ गेलो तर म्हणाले ही होडी वसईकडची वाटते, ठाण्याच्या खाडीत नाक असं नसतं. बरोबर होतं त्यांचं. हे कुठल्या गंभीर म्युझियममध्ये होणार आहे सांगा? तिथे लोक कुजबुजतात.

पावसाळ्यात नुकत्याच कॉलेजातून बाहेर पडलेल्या पोरांसाठी तिथे मॉन्सून शो असतो, तो आवर्जून बघा. आणि बाहेर फुटपाथवर बसणारे चित्रकारही.

हार्बरवाला:

मावशींनी सोडलेला जहांगीर मी घेतो. जहांगीर निकल्सन. कापसाच्या व्यवसायातला पारशी माणूस, शिक्षणाने सीए, १९६०च्या दशकाच्या शेवटी चित्रं घ्यायला लागला आणि २००१ला जाईपर्यंत घेतच राहिला. सुमारे ८०० कामं. स्वतंत्र म्युझियम व्हावं ही त्यांची इच्छा होती ती हयातीत पुरी झाली नाही, पण त्यांच्या नावाच्या फाउंडेशनने छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाशी करार केला आणि २०११पासून म्युझियमच्या पूर्व बाजूला दुसऱ्या मजल्यावर त्याची गॅलरी सुरू झाली. हुसेन, रझा, आरा, गायतोंडे सगळे आहेत त्या संग्रहात. तिथेही मांडणी बदलत असते, सगळं एकदम लागलेलं नसतं, पण पाचपाखाडीकर तुमच्या प्रश्नाचं त्यातल्या त्यात जवळचं उत्तर हेच. गंमत म्हणजे लोक खाली गणपती, बुद्ध, लघुचित्रं, वाघ-पक्षी बघून दमतात आणि तिथवर चढतच नाहीत. मी गेलो तेव्हा तर शुकशुकाट.

दुसरा मोठा खजिना टीआयएफआरमध्ये (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्च, भाभांची संशोधन संस्था), कुलाब्याला नेव्ही नगरात. भाभांनी नेहरूंकडून परवानगी घेतली होती की संस्थेच्या बांधकामाच्या खर्चातला एक टक्का कलेवर खर्च करायचा. त्या पैशातून त्यांनी तेव्हाच्या तरुण पोरांची कामं घेतली, जी आज कुणाला परवडणार नाहीत. हुसेनचं ४५ फुटी म्युरल आहे तिथे, भारत भाग्य विधाता. पण ती काम करायची जागा आहे, आपण चला जरा चक्कर मारू म्हणून घुसू शकत नाही.

खाडीपलीकडे:

खारघरहून. सगळं वाचलं, छान चाललंय, पण एनजीएमएचा विषय निघाला आणि २०१९चं कुणीच काढलं नाही याचं आश्चर्य वाटलं. प्रभाकर बरवेंच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला अमोल पालेकर बोलायला उभे राहिले आणि त्यांना मध्येच थांबवलं, बरव्यांपुरतं बोला म्हणून. आठवतंय? ते बोलत काय होते हे मात्र सगळे विसरले. ते नेमकं याच धाग्याचा विषय बोलत होते! मुद्दा असा होता की मुंबईच्या कलाकारांची जी सल्लागार समिती प्रदर्शनं ठरवायची ती बरखास्त झाली, आणि पुढे बाहेरच्या, म्हणजे एनजीएमएच्या स्वतःच्या संग्रहातली नसलेल्या प्रदर्शनांना फक्त वरचा घुमट मिळणार, एकूण जागेच्या एक षष्ठांश, बाकी मजल्यांवर संग्रहातलं लावणार.

म्हणजे पाचपाखाडीकर तुम्हाला जे हवंय तेच, कायमचा संग्रह. आणि त्यालाच इथल्या लोकांचा विरोध होता. कारण अख्ख्या इमारतीत एका माणसाचं आयुष्यभराचं काम खालून वर बघत जायचं हे मुंबईत दुसरीकडे कुठेच होत नाही. बरवे बघितले होते का त्या वेळी? नागावचा माणूस, अलिबागजवळचा. पहिल्या मजल्यापासून चढत चढत त्यांची पेन, घड्याळ, पान, सफरचंद ही सगळी वस्तूंची दुनिया हळूहळू मोकळी होत जाते. त्याच्या आदल्या वर्षी चित्रकार धुरंधर होते. दिल्लीहून आलेली चार ठरलेली चित्रं बारा महिने टांगून ठेवली असती तर ह्यातलं काही बघायला मिळालं असतं का?

पाचपाखाडीकर:

खाडीपलीकडे, पालेकरांचा प्रसंग आठवतो, पण तपशील असा जोडून बघितला नव्हता. तरीपण मला पटत नाहीये. कोण ठरवणार हा एक प्रश्न आणि काय लावणार हा दुसरा, तुम्ही दोन्ही एकत्र केलेत. समिती इथली असावी याला माझं अनुमोदन. पण इथल्याच समितीने एक मजला, फक्त एक, मुंबईच्या चित्रकलेसाठी कायमचा राखला असता तर काय बिघडलं असतं? धुरंधर, त्रिंदाद, मग हुसेन-रझांचा प्रोग्रेसिव्ह ग्रुप, मग बरवे. शाळेतल्या पोराला दाखवायला. माझी मुलगी नववीत आहे, तिला इलेमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या सगळ्या मुलांसारखं स्थिरचित्र म्हणजे तांब्या, आंबा आणि मागे घडी पडलेलं कापड एवढंच माहितीय. तिला आराचं स्थिरचित्र कधी, कुठल्या वारी, कुठल्या भिंतीवर दाखवू?

काचेआड:

फार क्वचित लिहितो, पण चित्रं आणि कागद जपण्याच्या कामात उमेदीची वर्षं गेलीत म्हणून लिहितो. सध्या वास्तव्य वाशी.

'कायमचं' हा शब्द जरा जपून वापरा. धुरंधरांचे जलरंग, कागदावरची रेखाटनं, छापील चित्रं ही बारा महिने लावून ठेवता येत नाहीत. प्रकाशाने रंग उडतो आणि उडालेला परत येत नाही. कागदावरच्या कामाला साधारण ५० लक्सपर्यंत (लक्स हे प्रकाश मोजायचं एकक) प्रकाश ठेवतात, म्हणजे तुमच्या घरातल्या ट्यूबलाइटखाली असतो त्यापेक्षा बराच कमी, म्हणून लोक तक्रार करतात की किती अंधार केलाय. त्यातही काही महिने लावून पुन्हा अंधाऱ्या पेटीत विश्रांतीला ठेवावं लागतं. तैलरंग जास्त सोसतात पण त्यांचं दुखणं वेगळं. आपल्याकडे जूनमध्ये हवेतली आर्द्रता ८०-९० टक्क्यांवर जाते, कॅनव्हास सैल पडतो, एसी लावला की ताणला जातो, रात्री एसी बंद केला की परत सैल, आणि हे रोज. वरच्या रंगाला मग बारीक भेगा. त्यामुळे एसी लावायचाच तर चोवीस तास लावा नाहीतर लावूच नका असं आम्ही सांगायचो आणि वीजबिल बघणारे आमच्याकडे रागाने बघायचे.

एका सरकारी कार्यालयात (कुठलं ते सांगत नाही) एक चांगलं निसर्गचित्र मी स्टीलच्या कपाटामागे टेकवलेलं बघितलंय, खालच्या कडेला बुरशी चढलेली, आणि साहेब सांगत होते की सुरक्षित राहावं म्हणूनच मागे ठेवलंय. तेव्हा संग्रह करणं सोपं, भिंतीवर लावणंही सोपं, पन्नास वर्षं सांभाळणं अवघड. पाचपाखाडीकरांची मागणी रास्त आहे, फक्त 'तैलचित्रांचा एक मजला आणि कागदावरच्या कामांची फिरती खोली' अशी करा.

तिरकस:

काचेआड काका, हे ऐकून मी आजोबांची तसबीर एसीच्या झोतासमोरून काढली. सीरियसली.

आता एक प्रामाणिक प्रश्न, हसू नका. ते गायतोंड्यांचं चित्र सप्टेंबर २०२५ला ६७ कोटींना गेलं. मी फोटो बघितला. पिवळट तपकिरी. आडवे काही डाग. मला त्यात काय बघायचं हे कुणी मराठीत सांगेल का? 'अवकाश', 'अनाहत', 'मौन' हे शब्द न वापरता.

रेघोट्या:

तिरकस, हसत नाहीये, शाळेत पोरं हेच विचारतात. फोटोत काही दिसणार नाही हे आधी मान्य करा. आता समोर उभं राहिल्यावर काय दिसतं ते सांगतो, मौन न पाळता.

पहिल्यांदा एकच रंग वाटतो. डोळे स्थिरावले की कळतं की तो एक नाहीये, खालून दुसरा वर येतोय, काही ठिकाणी हिरवट, काही ठिकाणी विटकरी. मग जवळ जा (गार्ड ओरडणार नाही इतपत). ब्रशचा फटकारा कुठेच सापडत नाही. कारण या कामात त्यांनी ब्रश जवळजवळ वापरलेलाच नाही, रोलर आणि पॅलेट नाइफ. रंगाचा थर द्यायचा, ओला असताना कापलेले-फाडलेले कागद त्यावर दाबायचे आणि उचलायचे, रंग कागदाबरोबर थोडा निघून येतो आणि खाली खूण राहते. वर पुन्हा पातळ थर. पुन्हा उचल. त्यामुळे त्या ज्या तुम्हाला डागासारख्या आकृत्या दिसतात त्यांना रेघेची कड नाहीये, आतून उगवल्यासारखी कड आहे. एखादी आकृती वरच्या थरावर आहे की तीन थर खाली हे ठरवता ठरवता तुमची पाच मिनिटं जातात. ती पाच मिनिटं म्हणजेच ते चित्र. वर्षाला मोजकीच करायचे. गिरगावात चाळीत वाढलेला माणूस, आणि २०१४ला न्यूयॉर्कच्या गुगेनहाइममध्ये त्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा ते जाऊन १३ वर्षं झाली होती.

६७ कोटींचं समर्थन मी करत नाही, तो बाजार आहे, त्यातला छदामही चित्रकाराला गेलेला नाही.

तिरकस:

ओके. हे पटलं. बघतो एकदा समोर उभा राहून. मौन शब्द एकदा वापरलात पण माफ.

जुना फोर्टवाला:

रेघोट्या, सुरेख लिहिलंत. पाचपाखाडीकरांनी आराचं नाव काढलं म्हणून लिहितो. कृष्णाजी हौलाजी आरा. सिकंदराबादजवळच्या बोलारमचा. लहानपणीच घर सोडून मुंबईत आला, घरगडी म्हणून राबला, गाड्या धुतल्या, मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगात गेला. मग कला समीक्षक रुडी फॉन लायडन यांच्या नजरेत त्याची चित्रं आली. १९४७ला सूझा, रझा, हुसेन, गाडे, बाकरे आणि हा असे सहा जण मिळून प्रोग्रेसिव्ह ग्रुप झाला आणि १९४९ला रॅम्पार्ट रो वर, बॉम्बे आर्ट सोसायटीच्या जागेत, त्यांचं पहिलं प्रदर्शन. जहांगीरच्या दारातून बाहेर पडून अक्षरशः रस्त्याच्या कडेकडेने चालत गेलं की ती जागा. तेव्हा जहांगीर नव्हतीच. आरा जलरंगसुद्धा तैलरंगासारखा जाड लावायचा. त्याची फुलदाणी बघितली तर फुलं देठावर भारी झालेली वाटतात. पुढे आर्टिस्ट्स सेंटरचा कारभार बघायचा आणि कितीतरी नवख्या पोरांना त्याने जागा मिळवून दिली.

आणि केकू गांधी. त्यांचा मूळ धंदा फ्रेमांचा, केमोल्ड. फ्रेमच्या दुकानात रिकामी फ्रेम लावण्यापेक्षा या मित्रांची चित्रं लावली. १९६३ला जहांगीरच्याच पहिल्या मजल्यावर गॅलरी केमोल्ड सुरू केली, पुढे चाळीसेक वर्षं ती तिथेच होती. कावसजी जहांगीर हॉलची एनजीएमए व्हावी म्हणून ज्यांनी पिच्छा पुरवला त्यात हे केकू गांधी आणि शिल्पकार पिलू पोचखानवाला. कारण त्या हॉलची पार रया गेली होती हो. जिथे मेनुहिनचं व्हायोलिन झालं, काँग्रेसच्या सभा झाल्या, तिथे बॉक्सिंगच्या मॅची, कामगार युनियनच्या सभा, लग्नाची रिसेप्शनं आणि चामड्याच्या पर्सांचे सेल. मी स्वतः तिथून एक सेलमधली बॅग घेतलीय, फार टिकली नाही. नंतर आतलं काम काढलं रोमी खोसलांच्या आराखड्यावर, बारा वर्षं चाललं, आणि २३ डिसेंबर १९९६ला गॅलरी उघडली. पिलूबाई १९८६लाच गेल्या होत्या.

बाहेरची विटेटची कातळी इमारत तशीच ठेवून आत अर्धगोल मजले एकावर एक चढवलेत. मधल्या जिन्याने फिरत फिरत घुमटाखाली पोचता. वरून वाकून खाली बघितलं की खालच्या मजल्यावरचं चित्र बघणाऱ्यांची टाळकी दिसतात, मला तो कोन फार आवडतो. गुडघ्यांना मात्र नाही आवडत.

नेरूळची मावशी:

हो ना, आणि त्यातले काही मजले इतके अरुंद की मोठं चित्र बघायला मागे सरकावं तर पाठ कठड्याला. इमारत म्हणून सुंदर, चित्रं बघायला जरा अडचणीचीच असं माझं प्रांजळ मत. संग्रह मोठा असता तरी तिथे मावला असता का हाही प्रश्नच आहे.

पण मला सांगा आपलं काय? नवी मुंबई एवढी आखून बांधली, नोड, सेक्टर, प्लॉट, सगळं कागदावर. सिडकोचं मोठं एक्झिबिशन सेंटर वाशीला आहे, तिथे फर्निचर, दागिने, घरं सगळ्याची प्रदर्शनं. भावे नाट्यगृह आहे, बेलापूरला अर्बन हाट आहे. भिंती तर आमच्याकडे इतक्या रंगवल्यात स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने, की पामबीचला पुलाखाली फ्लेमिंगो आणि वर फ्लायओव्हर. पण कलादालन, जिथे नवी मुंबईच्या मालकीचं चित्र लागलंय? मला तरी आठवत नाही.

घोडबंदर रिटर्न:

ठाण्यात कापूरबावडीला कलाभवन आहे की महापालिकेचं. उपवनला फेस्टिव्हल होतो. पाडव्याला गावदेवी मैदानावर मैदानभर रांगोळी असते, ती बघायला जेवढी गर्दी होते तेवढी जहांगीरला महिन्याभरात होत नसेल. ठाणेकरांना चित्र बघायला आवडत नाही असं अजिबात नाही, पण रांगोळी दुसऱ्या दिवशी पुसली जाते आणि कलाभवनही भाड्यानेच देतात. म्हणजे जहांगीरचं मॉडेल उचललं, निकल्सनचं नाही.

रेघोट्या:

जहांगीरचं मॉडेल उचललं म्हणता पण मधला भाग राहिला. जहांगीरला लोक चालत येतात, सीएसएमटी, चर्चगेट, कोर्ट, म्युझियम, कॉलेज सगळं पायाखाली, आता तर मेट्रो ३चं हुतात्मा चौक स्टेशनही. आमच्याकडे गॅलरीला जायला शेअर रिक्षा बदलावी लागते. आमच्या एका ठाण्यातल्या शोला (हॉलचं नाव नको) आठवडाभरात नातेवाईक सोडून जे बाहेरचे आले त्यातला एकजण टॉयलेट कुठंय विचारायला आला होता. गॅलरी स्टेशनजवळ हवी. तलावपाळीच्या आसपास काढा, बघा कशी गर्दी होते.

खाडीपलीकडे:

+१ स्टेशनजवळ. नवी मुंबईत तर स्टेशनांच्या डोक्यावरच एवढ्या जागा पडल्यात, वाशी काय, बेलापूर काय. आणि संग्रह म्हणाल तर सुरुवातीला कोट्यवधी लागत नाहीत. भाभांनी जे केलं तेच करा, बांधकामाच्या बजेटातला एक टक्का. आणि विकत घ्यायचे ते आजचे पंचविशीतले पोरं-पोरी, ज्यांचं काम आज काही हजारांत मिळतं. दरवर्षी थोडी थोडी. काचेआड काकांना नेमा सांभाळायला.

काचेआड:

काका नेमणुकीच्या वयाचे राहिले नाहीत. पण पावसाळ्यात गळणारं छप्पर नसेल आणि एसी चोवीस तास चालणार असेल तर फुकट येऊन शिकवीन.

पाचपाखाडीकर:

भारी चर्चा, वाखुसा (वाचनखूण साठवली). माझ्यापुरता निष्कर्ष असा की पुढच्या वेळी म्युझियमचं तिकीट काढून खाली न रेंगाळता आधी दुसऱ्या मजल्यावर. आणि एनजीएमएच्या एका मजल्याबद्दल माझा हट्ट कायम आहे, खाडीपलीकडेंशी प्रत्यक्ष भांडू. गटग (गेट-टुगेदर) करायचं का? म्युझियम, मग जहांगीर, मग एनजीएमए, मग पोटपूजा. मुलीलाही आणतो.

सागरगोटा:

उशिरा आलो. बाकऱ्यांबद्दल कुणी फार लिहिलं नाही म्हणून. त्या सहा जणांतला एकटा मूर्तिकार. मूळचे बडोद्याचे, मग लंडनमध्ये बरीच वर्षं काढली, आणि १९७५ला परत आले ते मुंबईत नाही तर आमच्या दापोलीकडे, मुरुड-हर्णैला, २००७ला जाईपर्यंत तिथेच. आम्ही लहानपणी सुट्टीत त्या रस्त्याने समुद्रावर जायचो, तिथे एवढा मोठा शिल्पकार राहतो हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. मुरुडला जाणाऱ्या ठाणेकरांना आजही विचारून बघा.

गटगला मी येणार. शनिवार ठेवा, रविवारी नको.

नेरूळची मावशी:

शनिवार चालेल. सकाळी साडेदहाला म्युझियमच्या गेटवर, मी थेपले आणते, पण ते आत नेऊ देत नाहीत तेव्हा आधी बाहेर खाऊन घ्यायचे.

तिरकस:

गायतोंडे लागलेत का ते आधी फोन करून विचारा कुणीतरी. नसतील तर मी थेपल्यांपुरता येतो.